बगळेकुळाचे वळे

एका राज्यात, आफ्रिकेतल्या थोरल्या सरोवराकाठी, राजवाडा होता गवताचा. हसू नका, दगडाचे वाडेही इतके भक्कम नसतात. उंच घुमट, जमिनीपर्यंत उतरलेले छप्पर आणि आतून वेताची वळी, एकाखाली एक. प्रत्येक वळे एकेका कुळाने आपल्या हाताने बांधलेले. त्या राज्यात राजे मरत नसत. वय झाले की वाड्यातल्या, झाडाच्या सालीच्या कापडाच्या पडद्याआड जात. मागे पूर्वजांचे रान होते.

राजा लुक्वागो भारी तापट. बगळेकुळाच्या प्रमुखाने भर दरबारात "महाराज, आपण चुकलात" म्हटले, एवढ्यावरून राजाने अख्ख्या कुळाला सरोवरापार हाकलले आणि त्यांचे सर्वांत वरचे वळे कापून टाकले. तत्क्षणी छप्पर खाली बसले. पडद्यामागे रानाऐवजी नुसती भिंत उरली. वर्षे लोटली. राजा अंथरुणाला खिळला, त्याला घोटभर पाणी गिळवेना, पण पडद्याआड जाताही येईना.

त्याच्या लेकीला, नांतेझाला, ते पाहवेना. आईवेगळ्या त्या पोरीला बापानेच अंगाखांद्यावर वाढवले होते. वाडा उभा राहिला की बाप जाणार, हे तिला पक्के ठाऊक होते. तरी तिने कंबर कसली.

पडक्या खांबावरचा धनेश पक्षी बोलला, "वाडा उभा करायचा तर गवत हवे मगरीच्या दलदलीतले. वेत धुक्याच्या डोंगरावरचा. वळे बगळेकुळाच्या हातचे."

गवताच्या बदल्यात मगरीने तिची सावली मागितली. तिने दिली. धुक्याने तिच्या केसांचा काळा रंग मागितला. तोही दिला. मग दरबाऱ्यांनी शहाणपणा केला: वळे आपणच बांधू, वर कोण बघायला जातो? चांगले सोन्याचे बांधले. छप्पर पुन्हा त्यांच्याच डोक्यावर कोसळले.

नांतेझा होडीने पलीकडे गेली. बगळेकुळाची प्रमुख आता नाल्वोगा नावाची म्हातारी होती.

"वळे बांधू," ती म्हणाली. "पण गवताच्या पेंढ्या राजाने स्वतः उचलून द्यायच्या."

निरोप ऐकून राजा खवळला. "राजा कुणाच्या हाताखाली काम करत नाही!"

"मग पडून राहा असेच, बाबा," नांतेझा म्हणाली. "तुम्ही जावे असे मला वाटतच नाही. पण तुमचे हे कण्हणे आता ऐकवत नाही."

राजाने तिच्याकडे हात पुढे केला. मग म्हणाला, "मला उठव."

बगळेकुळ आले, शिड्या लागल्या. सर्वांत वर नाल्वोगाच चढली. राजा खालून पेंढ्या देऊ लागला.

"मीच चुकलो होतो," तो म्हणाला.

"पेंढी जरा वर धरा, महाराज," वरून उत्तर आले.

शेवटची गाठ बसली. घुमट उभा राहिला. पडद्यामागून ओल्या पानांचा वास येऊ लागला. राजाने लेकीच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवला, पडदा सारला आणि आत गेला.

नगारे वाजले. बगळेकुळाला दरबारातली जागा परत मिळाली, नांतेझाला गादी. ती मात्र पडद्यापुढे चटईवर ओठ घट्ट मिटून बसली, कारण राणीने रडू नये असे दरबाऱ्यांनी बजावले होते. नाल्वोगा शिडी उतरून तिच्याजवळ येऊन टेकली.

"रड, पोरी," ती म्हणाली. "आता डोक्यावर छप्पर आहे."