दंडावरचा क्ष

उदेभान महाराजांना दंडावर आपली किंमत गोंदवून घ्यायची होती. कारण शेजारच्या राजाने मनगटापासून कोपरापर्यंत एकावर शून्यंच शून्यं गोंदवली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो बाही वर करून दाखवत होता.

त्याच्याहून मोठा आकडा हवा, पण महाराजांना सुईची भारी धास्ती. म्हणून हुकूम सुटला: चिन्ह एकच, आणि त्याला मागे टाकणारा आकडा कुणाला लिहिता येता कामा नये.

गोंदणारा म्हादबा म्हणाला, "महाराज, एका चिन्हात नवाच्या पुढे जाता येत नाही. आणि कितीही मोठा आकडा काढला, तरी त्यात एक मिळवणारा भेटतोच."

खरं बोलल्याबद्दल त्याची रवानगी कोठडीत झाली. मग त्याच्या बायकोला, भिवराला, सुया घेऊन येण्याचा सांगावा गेला.

भिवरा वाटभर नवऱ्याला शिव्या घालत आली. "गप्प बसून नऊ काढला असता तर हात झडला असता का मेल्याचा?"

तिने महाराजांचा दंड धरला. पहिल्या टोच्याला महाराज प्रधानाच्या गळ्यात पडले. दुसऱ्याला त्यांनी आईला हाक मारली. भिवराने मान वर केली नाही.

काम झाल्यावर महाराजांनी एक डोळा उघडला. "हा तर क्ष आहे. मी आकडा मागितला होता, बाई."

"आकड्याचीच जागा आहे ती, महाराज. पंतोजींच्या पडवीत मी गोंदायला बसते, तिथं पोरं हेच घोकतात. ज्याची किंमत अजून ठरायची आहे, तिथं क्ष मांडायचा. शेजारच्या राजाचा आकडा आता हलायचा नाही. सुई सोसून त्याने आणखी एक शून्य काढलंच, तर आपण म्हणायचं, आमचा क्ष त्याहून मोठा. पुन्हा सुई नको."

'पुन्हा सुई नको' ऐकताच महाराज खुलले.

पण प्रधान खवचट. "म्हणजे कुणी क्षची किंमत शून्यसुद्धा धरेल?"

"धरेल की," भिवरा म्हणाली.

महाराजांनी दंड चोळत विचारलं, "मग आज माझी किंमत किती, तेही सांगून टाक."

भिवरा शांतपणे सुया पुसत होती. "कोठडीचं दार उघडतंय का बघते, मग सांगते. तोवर प्रधानजी म्हणतात तेच धरा."

महाराज हसत सुटले. हसताना दंड ठणकला, तसे 'आई गं' म्हणत आणखी हसले. म्हादबाला तिथल्या तिथे सोडलं आणि भिवराच्या हातात सोन्याच्या पाटल्या आल्या.

"आता किती?" महाराजांनी विचारलं.

भिवराने पाटल्या हातात चढवून पाहिल्या. "क्ष बराच वाढलाय, महाराज. फक्त दोन दिवस पाणी लावू नका."