चिंगी चिचुंद्रीची झोप

नीट बसा. चुळबुळ बंद. मधे कुणी बोललं तर पुढचं सांगणार नाही.

एक होती चिचुंद्री. नाव चिंगी. डोळे बारके, नाक लांब. अंगाला वास. हसायचं काय त्यात? असतो कुणाला कुणाला वास.

चिंगी राहायची न्हाणीमागं, विटांच्या ढिगात. रात्रभर किडे खायची. दिवसा झोपायची. चिचुंद्रीचं तसंच असतं.

एक दिवस चिंगीला गाढ झोप लागली. आणि काय झालं?

भो भो भो.

झोप उडाली. गेली ती गेलीच.

भुंकत होता ढाण्या. ढाण्या म्हणजे तात्याचा कुत्रा. सकाळपासून खुंटाला बांधलेला. पान पडलं, भो. सायकल गेली, भो. काहीच झालं नाही, तरी भो. मग घरातून तात्या ओरडायचा, "ए, गप्प." ढाण्याला वाटायचं, तात्यापण भुंकतोय. मग तो दुप्पट भुंकायचा. तात्याला हे कळत नव्हतं. मोठ्या माणसांना पुष्कळ गोष्टी कळत नाहीत.

चिंगी निघाली. भिंतीच्या कडेनं, सुळुक सुळुक. ढाण्याकडं गेली.

"मला झोप येईना. ढाण्यादादा, गप्प बस."

ढाण्या म्हणाला, "लांब सर, वास येतो. बांधलेला राहून राहून कंटाळलो मी. तात्यानं मला फिरवू दे, मग गप्प बसतो."

चिंगी निघाली. सुळुक सुळुक. तात्याकडं गेली.

"ढाण्या थांबेना,
मला झोप येईना.
तात्या, त्याला फिरवून आणा."

तात्या म्हणाला, "लांब सर, वास येतो. एक चप्पल पायात, दुसरी ठमीच्या बुडाखाली. उठवायला गेलो तर ओरबाडते. ठमी उठू दे, मग निघतो."

ठमी म्हणजे मांजर. ओट्यावर बसली होती. चप्पल तिची गादी झाली होती.

चिंगी निघाली. सुळुक सुळुक. ठमीकडं गेली.

"तात्या निघेना,
ढाण्या थांबेना,
मला झोप येईना.
ठमाबाई, ऊठ."

ठमी म्हणाली, "लांब सर, वास येतो. वास नसता तर खाल्लंच असतं तुला. चंद्री म्हैस दूध देऊ दे, मग उठते."

चिंगी निघाली. जरा जोरात निघाली. सुळुक सुळुक सुळुक. गोठ्यात चंद्रीकडं गेली.

"ठमी उठेना,
तात्या निघेना,
ढाण्या थांबेना,
मला झोप येईना.
चंद्राबाई, दूध दे."

चंद्री म्हणाली, "लांब सर, वास येतो. उपाशी आहे मी. माझ्या कडब्यावर घूस बसलीय. तात्याची हौसाकाकू कडबा काढायला गेली, तर तिला चावायला धावली. कडबा मिळू दे, मग दूध देते."

चिंगी निघाली. पाय दुखले. तरी सुळुक सुळुक. गोठ्याच्या कोपऱ्यात गेली. कडब्याचा ढीग होता. ढिगावर घूस होती. भली मोठी घूस. मांजराएवढी.

"चंद्री दूध देईना,
ठमी उठेना,
तात्या निघेना,
ढाण्या थांबेना,
मला झोप येईना.
घूसबाई, कडबा सोड."

घूस खी खी हसली. "लांब सर, वास येतो. मी नाही हलत. तू केवढी, मी केवढी."

चिंगी उभी राहिली. बारक्या डोळ्यांत पाणी आलं. आता पुढं कुणाकडं जायचं? पुढं कुणीच नव्हतं.

मग चिंगीनं डोळे पुसले. नाक वर केलं.

"सगळे म्हणतात, लांब सर," चिंगी म्हणाली. "आता मी जवळ सरते."

सुळुक. घुशीच्या पायाशी.

सुळुक. घुशीच्या पोटाशी.

सुळुक. थेट घुशीच्या नाकाशी.

आणि चिंगीनं वास सोडला. होता नव्हता तेवढा सगळा. फुस्स.

घूस शिंकली. आऽऽक् छी. घूस पळाली. धबाधबा धबाधबा. गोठ्याबाहेर, कुंपणाबाहेर, गावाबाहेर. अजून पळतीय म्हणतात. पळू दे.

घूस पळाली, काकूनं कडबा काढला. चंद्रीनं खाल्ला, करम करम. काकूनं धार काढली, चुर्र चुर्र. ठमीच्या वाटीत दूध आलं, ठमी उठली, लपक लपक. तात्याला चप्पल मिळाली, फटक फटक. तात्यानं ढाण्याला सोडलं.

ढाण्या काय धावला. पार ओढ्यापर्यंत. झुडूप दिसलं, हुंगलं. दगड दिसला, हुंगला. तात्याची पळता पळता दमछाक झाली. बरं झालं. पोट कमी होईल.

दोघं घरी आले. ढाण्या पचक पचक पाणी प्याला. विटांच्या ढिगाजवळ पसरला.

तेवढ्यात पान पडलं. टप.

ढाण्याचे कान उभे राहिले. तात्यानं ओरडायला तोंड उघडलं.

ढिगातून लांब नाक बाहेर आलं. "तात्या, ओरडू नका. तुम्ही ओरडता, त्याला वाटतं तुम्हीपण भुंकताय."

तात्यानं तोंड मिटलं. ढाण्याच्या डोक्यावर हात ठेवला. ढाण्यानं पानाकडं बघितलं. तात्याकडं बघितलं. वास आला म्हणून एकदा शिंकला.

पण भुंकला नाही. आणि लांब सर म्हणाला नाही.

घूस पळाली,
चंद्रीनं दूध दिलं,
ठमी उठली,
तात्या निघाला,
ढाण्या थांबला,
चिंगीला झोप आली.

घुर्र. घुर्र. एवढीशी चिचुंद्री, पण घोरते बघा कशी.

तात्या आता रोज ढाण्याला फिरवतो. चप्पल खुंटीला टांगून ठेवतो.

झालं. मिटा डोळे. आता जो भुंकेल, त्याच्या पांघरुणात मी चिंगी सोडीन.