टिटवीचं तोंड

फार मागे, पाखरं माणसांसारखी भांडायची तेव्हाची गोष्ट. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरण पाखरांनी खोपे टांगले होते. त्यांचा मुकादम पिवळोबा. खोप्यांत अंडी होती, आणि वारा नसतानाही फांदी हलत होती. पिवळोबाच्या जिवाला चैन नव्हती.

खालून टिटवी ओरडली, "मुकादम, बुंध्याला वाळवी लागलीय! झाड पोकळ झालंय. आत्ताच अंडी हलवा."

"सकाळी सकाळी अभद्र बोलणं!" म्हातारी सुगरण फणकारली. "टिटवीच ती. दुसरं काय बोलणार?"

फांदीची थरथर पिवळोबाच्या पायांना कळत होती. पण टिटवीचं ऐकलं तर चारचौघांत हसं होईल, म्हणून त्यानं राघूला विचारलं. राघूनं खाली वाकूनसुद्धा पाहिलं नाही. "झाड ठणठणीत आहे हो," तो गोड बोलला. सगळ्यांना बरं वाटलं. पिवळोबाला वाटलं नाही, तरी लेकाचा गप्प बसला.

दुपारी बाभळ कडाडली आणि अंड्यांसकट विहिरीत गेली.

"बघितलंत ना?" म्हातारी रडत किंचाळली. "मेली बोलली आणि झालं!"

मग नवं झाड शोधायच्या आधी सगळ्यांनी मिळून टिटवीला माळापलीकडे हाकललं. सगळ्यांच्या पुढे पिवळोबा होता.