कातरीनचा अर्धा वसा

ऐका येशूराया, तुझी कहाणी. बायांनो, हातातलं खाली ठेवा, मन जागेवर ठेवा.

आटपाट गाव होतं. तिन्ही अंगांनी खाडी, चौथ्या अंगाला चर्च. गावात बारा घरं मीठ पिकवीत. मिठागराच्या बांधाला पाण्याचं दार होतं, त्याला उघाडी म्हणत. उधाणाचं पाणी लागेल तेवढं आत घ्यावं, मग उघाडीत फळ्या टाकाव्यात. आज या घराची पाळी, उद्या त्या घराची.

एका घरात दोन जावा होत्या. थोरली कातरीन, धाकटी अंजेलीन. घराची पाळी आली की आपसांत वाटून घेत. एके दिवशी फळ्या टाकायचं काम कातरीनवर आलं. त्याच दिवशी तिच्या लेकीला बघायला पाहुणे आले. कातरीन वडे तळीत बसली, फळ्या विसरली. मग काय झालं? भरती आत शिरली, बारा घरांच्या मिठाच्या राशी विरघळल्या.

गाव धावत आलं. "फळ्या कोणाच्या होत्या?" एकदा विचारलं, कातरीननं पदर सावरला. दोनदा विचारलं, खाली बघितलं. तीनदा विचारलं, तिनं धाकटीकडे बोट केलं.

अंजेलीन म्हणाली, "जाऊबाई, देव बघतोय हो."

कातरीननं तोंड फिरवलं. गावानं अंजेलीनला नि तिच्या नवऱ्याला, बेनूला, खाडीपल्याडच्या बेटावर घालवून दिलं.

पुढं उपवासकाळ आला. दारात एक म्हातारी आली, काखेत चटया. कातरीन म्हणाली, "आजी, जिवाला चैन नाही. मला वसा सांग."

"वसा सांगेन, पण उतशील, मातशील, अर्ध्यात टाकशील."

"उतणार नाही, मातणार नाही, टाकणार नाही."

"चाळीस दिवस अळणी खावं. ज्याचं वाईट केलं त्याच्या दारी जावं, आपल्या तोंडानं आपलं पाप सांगावं. मग मिठाचा घास घ्यावा."

कातरीननं काय केलं? अळणी खाल्लं. दारी काही गेली नाही. ईस्टर आला, तिनं मीठ खाल्लं. त्या साली मीठ काळं निघालं.

दुसऱ्या साली म्हातारी आली. "बाय, अर्धा वसा कुठं आहे?"

"लेकीचं लग्न ठरलंय, आजी. सासरची माणसं काय म्हणतील? एवढं पार पडू दे."

म्हातारी म्हणाली, "बरं, थांबते." कातरीननं पुन्हा नुसतं अळणी खाल्लं. लग्न झालं. कातरीन गेली नाही. पावसात बेनू तापानं फणफणला. खाडी फुगलेली, बेटावर ना वैद्य, ना होडी. तिथंच गेला. अंजेलीननं त्याला काठावर पुरलं, वर काठ्यांचा क्रूस रोवला. त्या साली मीठ कडू निघालं.

तिसऱ्या साली कातरीननं अळणी धरलं, जबाब तयार ठेवला. म्हातारी येईल, विचारील; मी म्हणेन, अंजेलीनचं दुःख ओसरू दे, मग जाते. उपवासकाळाचा पहिला शुक्रवार गेला, म्हातारी आली नाही. दुसरा गेला, तिसरा गेला, आली नाही. चटईवाली कुणी दिसली की कातरीन उठून बघे. ती दुसरीच असे. मिठागरात त्या साली चिखलच राहिला. कातरीनला वाटलं, देव रागावला असता तर सोसलं असतं. देवानं विचारणंच सोडलं!

उत्तम शुक्रवार आला, येशूच्या मरणाचा दिवस. सकाळी गाव क्रुसाचं चुंबन घ्यायला रांगेत उभं राहिलं. कातरीनची पाळी आली. ती वाकली, ओठ क्रुसापर्यंत गेले नाहीत. ती वळली, गावाकडे तोंड केलं. "फळ्या माझ्या होत्या. अंजेलीनच्या नव्हत्या. मी विसरले, मी खोटं बोलले."

 मग शेजारची रेमेदीन ओरडली, "तीन वर्षं अळणी खाऊन पुण्यवान झालीस गो! मीठ मात्र आमचं खाल्लंस!"

कुणी हसलं, कुणी रडलं. पाद्रीबाबा म्हणाले, "बाई, हे जिला सांगायचं ती इथं नाही."

कातरीन धावत सुटली. काठावरचा कोळी म्हणाला, "परत फीर, भरती लागली! चालायची वाट बुडतेय!"

"उद्या मला धीर होणार नाही," ती म्हणाली नि पाण्यात उतरली.

पलीकडे बेनूच्या क्रुसापाशी अंजेलीन उभी होती, हातात बांबू.

कातरीन ओरडली, "आधी ऐक. मग बांबू दे नाहीतर देऊ नको."

अंजेलीननं विचारलं, "फळ्या कोणाच्या होत्या?"

"माझ्या." पाणी गुडघ्याला लागलं.

"फळ्या कोणाच्या होत्या?"

"माझ्या, आंजू." पाणी कमरेला लागलं.

"मोठ्यानं बोल. बेनूला ऐकू जाऊ दे."

कातरीनच्या छातीला पाणी आलं, पाय सुटले. तिनं मातीच्या ढिगाकडे बघितलं. "बेनू, फळ्या माझ्या होत्या रे!"

अंजेलीन हलली नाही. एक लाट गेली, दुसरी गेली. तिसरी कातरीनच्या तोंडावरून गेली, तेव्हा बांबू पुढं आला.

झोपडीत अंजेलीननं तिला कोरडं लुगडं दिलं, पुढ्यात पेज ठेवली. कातरीन म्हणाली, "माझ्या आधी इथं कोण बसलं होतं?" तिच्याखालची चटई नवी होती, म्हातारीच्या काखेतल्यासारखी.

"एक म्हातारी. तीन वर्षं येत होती. म्हणायची, दार लावू नको, एकजण यायची आहे. बेनू गेला त्या दिवशी मी तिच्यावर भांडं फेकलं. तरी आली. आज सकाळी म्हणाली, अंजेलीन, माझं सांगून झालं, आता तुझं तू बघ."

"मग बांबू का दिलास?"

"ठाऊक नाही," अंजेलीन म्हणाली. "बेनू परत येणार नाही, जाऊबाई. ते तुझ्या रडण्यानंही व्हायचं नाही."

"नाही."

मग अंजेलीननं डब्यातून चिमूटभर मीठ काढलं, कातरीनच्या पेजेत घातलं. म्हणाली, "खा."

ओहोटी लागली तसं गाव होडी घेऊन आलं, अंजेलीनला मानानं घेऊन गेलं. पुढच्या साली मीठ पांढरं निघालं. पहिली रास दोघी जावांनी बेनूच्या नावानं वाटली.

येशूराया, कातरीनला जसा हात मिळाला, तसा आम्हां ऐकणारांना, वाचणारांना मिळो. पण बायांनो, तिच्याएवढा उशीर करू नका. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत सांगितली, देवाच्या पायी सुफळ झाली.