दारातलं आमेन

याकोबराव म्हणजे चर्चमधलं बडं प्रस्थ. त्यांची प्रार्थना संपल्यावर लोकांचं 'आमेन', म्हणजे 'तसंच होवो', जरा बारीक आलं की ते दरडावत, "मोठ्यानं म्हणा, ऐकू येत नाही!"

एका सकाळी दूध पातळ आलं, तसे ते दारातच गवळ्यावर कडाडले, "मरोत तुझ्या म्हशी!"

"आमेन!" मागून त्यांच्या बायकोचा, रूथबाईंचा, खणखणीत आवाज आला.

गवळ्याचा चेहरा पांढराफटक पडला. याकोबरावही चरकले. "अगं, असल्या बोलण्याला कुणी आमेन म्हणतं का?"

"मग ज्याला आमेन म्हणवत नाही, ते तुम्ही बोलता कशाला?"

याकोबरावांची मान खाली गेली. गवळ्याकडे वळून ते पुटपुटले, "बाबा, सुखी राहोत तुझ्या म्हशी."

"मोठ्यानं म्हणा," रूथबाई म्हणाल्या, "ऐकू येत नाही!"