काजळीच्या पायातला दोरा

ही गोष्ट इतकी जुनी आहे, की ती घडली तेव्हा आपल्या आजीची आजीसुद्धा पाळण्यात नव्हती. पोरांसाठी आहेच, पण पोरांच्या आयांसाठी जास्त आहे. तेव्हा भाकऱ्या उरकल्या असतील तर तुम्हीही टेका जरा.

त्या काळी डोंगराळ मुलखात मेंढरं पाळणारी माणसं होती. त्यांना घर असं नव्हतंच. आज या माळावर, तर आठ दिवसांनी त्या माळावर. जिथे चारा तिथे तळ. काटेरी फांद्यांचं कुंपण घालायचं, आत मेंढरं, बाहेर माणसं, आणि दोघांच्या राखणीला कुत्री.

अशाच एका तळावर हौसा नावाची सून होती. वयाने लहान. पदरात पाच महिन्यांचं मूल. तिच्या जिवाला स्वस्थपणा कसला तो नव्हता. मूल रडलं की तिला भीती वाटे, आणि गप झोपलं की त्याहून जास्त. दिवसातून दहा वेळा ती त्याच्या नाकापुढे बोट धरून बघायची.

तिची जाऊ म्हणायची, "अगं, त्याचा श्वास काय तू मोजून देतेस? घेईल की त्याचा तो."

हौसा हसायची आणि थोड्या वेळाने पुन्हा बोट धरायची.

तिला धीर होता तो एका काजळीचा. काजळी म्हणजे तळावरची कुत्री. काळीभोर, अंगभर लांब केस. रात्री लांडगा यायचा तो काजळीच्या बाजूने कधी यायचा नाही. काजळी कान पाडून पडली असेल तर हौसाचे डोळे मिटायचे. काजळी उठून उभी राहिली, की हौसा मूल उराशी धरून उठून बसायची. उघड्या रानात मूल घेऊन राहायचं ते त्या कुत्रीच्या जोरावर.

एकदा सकाळी पुरुषमाणसं मेंढरं घेऊन चरायला गेली. हौसाचा नवराही गेला. तळावर बायका, कोकरं आणि हौसाचा सासरा राहिला. सासऱ्याला ती मामा म्हणे. मामा म्हातारे होते, पण काटक होते.

ऊन जरा तापलं आणि काजळी हुंगत हुंगत कुंपणाच्या फांद्यांपाशी गेली. आतून लोहाराच्या भात्यासारखा फुसकारा आला. काजळी एकदाच केकाटली आणि तीन पायांवर मागे आली. पुढच्या उजव्या पंजाच्या वर रक्ताचे दोन थेंब होते. हौसाने साप पाहिला. जाडजूड, आखूड, पाठीवर तपकिरी डागांची साखळी. घोणस होती. ती सावकाश फांद्यांत शिरली.

बायका काठ्या शोधायला धावल्या. मामांनी त्यांना थांबवलं. ते म्हणाले, एकीला चावलंय तेवढं पुरे आहे, आता कोणी त्या फांद्यांना हात लावायचा नाही.

मामा शहाणा माणूस होता, हे लक्षात ठेवा. त्यांनी काजळीला एक पाऊल चालू दिलं नाही. चाललं तर विष अंगात लवकर पसरतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी घोंगडं पसरलं, तिला त्यावर निजवलं. डोंगरापलीकडे नदीकाठी जनावरांची एक वैदीण राहत होती, तिच्याकडे न्यायचं ठरवलं. सगळं बरोबर केलं. एकच गोष्ट सोडून.

त्या माणसांची एक रीत होती. कुणाला साप चावला, माणसाला असो की जनावराला, की काळ्या लोकरीचा दोरा दंशाच्या वर करकचून बांधायचा. विष तिथेच अडतं, असं ते म्हणत. आणि बांधल्यावर त्या दोऱ्याचं नाव काढायचं नाही. चावलेला उठून उभा राहीपर्यंत कुणालाही सांगायचं नाही. सांगितलं तर गाठीतली ताकद जाते आणि विष सरळ काळजात चढतं. ही रीत कुणी घातली ते कुणालाच माहीत नव्हतं. म्हणूनच ती मोडायला कुणी धजत नव्हतं.

मामांनी कमरेच्या चंचीतून दोरा काढला आणि हौसाच्या हातात दिला. वयामुळे त्यांच्या बोटांत गाठ आवळायचा जोर उरला नव्हता.

हौसाने दोरा बांधला. घाबरलेला हात जास्तच ओढतो. एक वेढा घातला, दुसरा घातला. मन भरेना, म्हणून तिसरा घातला आणि त्यावर गाठ मारली. दोरा काजळीच्या लांब केसांत बुडाला आणि दिसेनासा झाला.

मग तिने मूल जावेच्या मांडीवर दिलं. काठीला घोंगड्याची झोळी बांधली, एक टोक मामांच्या खांद्यावर, एक तिच्या. निघाले.

वाट चढाची होती. हौसाचं मन एका जागी राहीना. मूल उठलं असेल. भुकेने रडत असेल. जाऊ शेळीचं दूध पाजेल, ते त्याला पचेल का? पुढे मामांची पावलं अडखळत होती, हे पडले तर काय? आणि झोळीत काजळी किती गप होती. चालता चालता हौसा हात पुढे नेऊन तिच्या नाकापुढे बोट धरायची. ऊन ऊन श्वास लागायचा. दहा पावलं झाली की पुन्हा धरायची.

उन्हं डोक्यावर यायच्या आत ते पोचले.

वैदीण हाडकुळी आणि तोंडाने फटकळ होती. तिने काजळीला सावलीत निजवलं, हिरड्या पाहिल्या. हिरड्यांतून रक्त झिरपत होतं. साप कसा होता ते विचारलं. हौसाने सांगितलं. वैदिणीने काजळीच्या मागच्या पायातलं थोडं रक्त काचेच्या वाटीत घेतलं आणि वाटी दगडावर ठेवली. म्हणाली, घटकाभरात हे साकळलं नाही, तर विष रक्तात भिनलं म्हणायचं.

मग तिने विचारलं, "इथे आणण्याआधी काय काय केलंत?"

हौसाने मामांकडे पाहिलं. मामा जमिनीकडे पाहत होते.

"काही नाही," मामा म्हणाले. "उचललं आणि आणलं."

"चिरलं नाही? डागलं नाही? तोंडात काही ओतलं नाही?"

"नाही."

"बांधलं नाही?"

मामांनी मानेनेच नाही म्हटलं. हौसाने पदर तोंडावर धरला.

"शहाणे आहात," वैदीण म्हणाली. "इथे येतात त्यातले निम्मे आधी आपली हौस भागवून येतात."

घटका गेली. वाटी कलती केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. वैदीण उठली. तिच्या विहिरीत, अगदी पाण्यालगत, दोरीला टांगलेलं एक मडकं होतं. त्यात दूरच्या राज्यातून आलेलं विषावरचं औषध होतं. ते थंड राहिलं तरच टिकायचं. मोठ्या कष्टाने मिळायचं, जपून वापरायचं. तिने ते काढलं आणि पोकळ काट्याने काजळीच्या शिरेत सावकाश सोडलं. सोडताना डोळे तिच्या छातीवरून हलवले नाहीत.

मग वाट पाहायची. हौसाला बसवेना. ती उठे, ओट्यापर्यंत जाई, परत येई. तिचा पान्हा भरून आला होता, चोळी ओली झाली होती. मूल तिकडे आणि जीव इथे. वैदीण एकदा म्हणाली, "पोरी, तुझ्या येरझाऱ्यांनी माझी जमीन झिजेल. बस."

हौसा बसली आणि बसल्या बसल्या पायाचा अंगठा हलवत राहिली.

दुपार कलली. वैदिणीने पुन्हा रक्त घेतलं. या खेपेला ते वाटीत दह्यासारखं बसलं. हिरड्यांचं झिरपणं थांबलं. काजळीने डोळे उघडून हौसाकडे पाहिलं आणि शेपूट जमिनीवर एकदा आपटलं. हौसाला रडू आलं.

पण वैदिणीच्या कपाळावरची आठी जाईना. तिने पंजा दाबून पाहिला, पुन्हा दाबला. पंजा टम्म सुजला होता, निळा पडला होता, आणि विहिरीच्या मडक्यासारखा गार होता. वर हात नेला की काजळी दात दाखवायची, म्हणून वैदीण वरचा भाग चाचपू शकत नव्हती.

ती आपल्याशीच बोलू लागली. रक्त सुधारलं. श्वास नीट आहे. मग पायात ऊब का येत नाही? विषाने पाय आतून खाल्ला असणार. मेलेला पाय अंगाला ठेवला तर सडेल आणि कुत्री चार दिवसांत जाईल.

ती आत गेली आणि धारेची सुरी घेऊन आली. चुलीवर पाणी ठेवलं.

"म्हातारबाबा, हिला घट्ट धरा," ती म्हणाली. "पाय काढावा लागेल."

मामा उठले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण ओठ मिटलेले होते. त्यांना वाटत होतं, पाय गेला तर जाऊ दे, दोऱ्याचं नाव काढलं तर जीव जाईल. काजळीला पिल्लू असताना त्यांनीच बोटाने दूध चाटवलं होतं. ते दुष्टपणाने गप नव्हते, बायांनो. मायेनेच गप होते.

आणि हौसा? तिच्या मनात एकाच वेळी शंभर विचार होते. आता बोलले आणि काजळी मेली, तर सारा तळ म्हणेल, हिच्या जिभेने मारली. मामा माझ्या हातचं पाणी पिणार नाहीत. वैदीण म्हणेल, सकाळपासून खोटं बोलत बसलात. आणि पुन्हा ते लांडगे, ते मूल, त्या रात्री. पण सुरी पाण्यात बुडून वर आली तेव्हा तिला दिसलं, की या बाईचे हात चांगले आहेत, डोळे चांगले आहेत, पण ती आंधळी होऊन कापणार आहे. आणि तिचे डोळे आपण झाकलेत.

"बांधलंय," हौसा म्हणाली.

मामांनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. तरी ती बोलली. "काळा दोरा बांधलाय. वर, काखेपाशी. तीन वेढे. मीच बांधलाय, बाई."

वैदिणीने सुरी खाली ठेवली. ओरडली नाही. तिने काजळीच्या तोंडाला मऊ फडकं बांधलं आणि हौसाला तिचं डोकं मांडीवर घ्यायला सांगितलं. मग वरचे केस बाजूला केले. सुजलेल्या मांसाच्या घडीत दोरा इतका रुतला होता, की नखाने शोधावा लागला.

अडलेलं विष एका दमात अंगात शिरू नये, म्हणून तिने तो एकदम कापला नाही. औषध हाताशी ठेवलं, छातीवर कान ठेवला, आणि एक वेढा सैल केला. थांबली. काजळी कण्हली. मग दुसरा. पुन्हा थांबली. मामा बाजूला जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. ते कण्हणं आता बंद पडणार, अशी त्यांना धास्ती होती.

तिसरा वेढा सुटला. कण्हणं सुरूच होतं.

काही वेळाने वैदिणीने हौसाचा हात धरून पंजावर ठेवला. हौसाने डोळे मिटून चाचपलं. पंजाच्या वरच्या अंगाला ऊब येत होती.

"ऐक, पोरी," वैदीण म्हणाली. "हे आल्या आल्या सांगितलं असतंस, तर पाय धडधाकट राहिला असता. आणि अजून थोडा वेळ गप बसली असतीस, तर सगळा गेला असता. कुत्रीला बोलता येत नाही. म्हणून तिच्या वाटचं तुम्ही बोलायचं असतं."

संध्याकाळच्या आत हौसा एकटी धावत तळावर गेली, मुलाला पाजलं, त्याला पाठीशी बांधून परत आली. काजळी वैदिणीकडे नऊ दिवस राहिली. जगली. पण पंजाची दोन बोटं काळी पडून गळाली आणि ती जन्मभर जरा लंगडत चालली.

तळावर कुजबुज व्हायची ती झालीच. बायका म्हणाल्या, बघा, बोलली म्हणून बोटं गेली. रीत मोडली की किंमत पडतेच. जाऊसुद्धा दोन दिवस गप गप होती. हौसा ऐकून घ्यायची आणि भाकरी थापत राहायची. खरंच आपल्या बोलण्याने गेली का बोटं? रात्र रात्र ती हेच घोळवायची.

मामाही बरेच दिवस बोलले नाहीत. मग एकदा सगळे जेवायला बसले असताना कुणीतरी पुन्हा तोच विषय काढला. मामांनी हातातला घास ताटलीत ठेवला.

"बोटं गाठीनं गेली," ते म्हणाले. "हिच्या बोलण्यानं नाही. मी तिथं उभा होतो. हीही माझ्यासारखी गप राहिली असती तर मी तीन पायांची कुत्री घेऊन परत आलो असतो, आणि रीत पाळली म्हणून तुमच्यापुढं मिरवलं असतं."

म्हाताऱ्याने स्वतःची चूक सगळ्यांसमोर सांगितली, आणि तो विषय तिथेच मिटला. हौसाने खाली मान घालून त्यांच्या ताटलीत आणखी कालवण वाढलं आणि त्यांनी ते खाल्लं.

त्यानंतर त्या तळावरून कुणीही वैदिणीकडे गेलं, की बरोबरचा माणूस दारातच सगळं सांगायला लागे. काय बांधलं, काय पाजलं, कुणी काय लावलं. काही जण तर सकाळी काय खाल्लं तेही सांगत. वैदीण म्हणायची, या मेंढरवाल्यांनी माझे कान किटवले. पण त्यांना मध्येच थांबवायची नाही.

बोध असा: बरं करणाऱ्यापासून आपण आपली चूक लपवली, तर तिची शिक्षा दुखणाऱ्या जिवाला भोगावी लागते.