झुरळापुरतं विष

एका रोपवाटिकेच्या मागे सामानाची खोली होती. शेणखताची पोती, फुटक्या कुंड्या आणि काथ्याचे ढीग असा तिथला सगळा पसारा. या खोलीच्या भिंतीवर एक कोळीण राहत असे. जाळे विणून वाट पाहत बसणाऱ्यांपैकी ती नव्हती. झुरळ दिसले की ती धावत जाऊन त्याला पकडायची. पाय पसरले की ती चांगली तळहाताएवढी दिसे, आणि मुलांनो, एवढे कोणी भिंतीवर दिसले की आपणसुद्धा आधी चप्पल शोधतो, मग विचार करतो. तेव्हा खोलीतले प्राणी तिला वचकून असत यात नवल नव्हते.

एकदा बेडकाने तिला विचारले, की तुझ्या विषाने म्हणे बैल मरतो, ते खरे का? कोळिणीला हसू येत होते. पण वरच्या वाशावर पाल कान देऊन ऐकत होती, आणि पालीला कोळी फार आवडतात, म्हणजे खायला. म्हणून कोळिणीने हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. नुसते पुढचे दोन पाय वर उचलले. बेडकाला तेवढे पुरले. त्याने एका बैलाचे दोन बैल केले, खारीने त्यात एक गडीमाणूसही घातला. तेव्हापासून पाल कोळिणीला पाहिले की वाट बदलू लागली. कोळिणीला हा मान आवडला. खरे सांगायचे तर जरा जास्तच आवडला.

पुढे तिने अंडी घातली. त्यांच्याभोवती रेशमाची पांढरी, चपटी पिशवी विणली आणि ती तोंडात घट्ट धरून पोटाशी कवटाळली. पिल्ले बाहेर येईपर्यंत ती पिशवी सोडणार नव्हती. शिकार बंद, खाणे बंद. तिचे पोट खपाटीला गेले, आणि झुरळे तिच्यासमोरून खुशाल मिशा हलवत जाऊ लागली.

त्याच खोलीत आडव्या पडलेल्या एका कुंडीत, काथ्याच्या बिछान्यावर उंदरिणीची चार पिल्ले होती. एका सकाळी ती दाणे घेऊन परतली तर थोरल्या पिल्लाचा पाय टम्म सुजलेला. पिल्लू कण्हत होते. उंदरिणीचे रडणे ऐकून सगळे जमले, आणि कोणी काही न विचारताच सगळ्यांनी भिंतीकडे पाहिले. इथे विष आहे कोणाकडे, असे बेडूक म्हणाला. खारीने मान डोलावली. मग कोळीण पुन्हा कोणाला चावू नये म्हणून सगळे भिंतीसमोर पहारा देत बसले.

कोळीण काहीच बोलेना. बोलायचे तर पिशवी सोडावी लागली असती, आणि खाली तांबड्या मुंग्यांची रांग लागलेली होती. पालीला हवे होते तेच झाले. "गप्प आहे, म्हणजे हिनेच केलं," ती म्हणाली. "अगं उंदरिणी, ती पिशवी फाडून टाक. नाहीतर उद्या असली शेकडो पिल्लं या भिंतीवर फिरतील."

दुपार उतरली तेव्हा उंदरीण पोत्यांवरून चढत भिंतीपाशी गेली. तिला भीती वाटत होती, पण रागही तेवढाच होता. तिने पिशवीची कड दातांत धरली आणि ओढली. कोळिणीने पाय रोवले. उंदरीण दात न सोडताच गुरगुरली, "चाव मला. माझ्या लेकराला चावलीस तशी चाव."

कोळीण चावली नाही. तिने पिशवी आणखी घट्ट धरली, एवढेच.

इतक्या जवळून उंदरिणीने तिला कधी पाहिलेच नव्हते. तिला ते खपाटीला गेलेले पोट दिसले, आणि पिशवीने भरलेले तोंड दिसले. मागे कुंडीत पाणी शिरले होते, तेव्हा उंदरीण एकेक पिल्लू तोंडात धरून पळाली होती. वाटेत घूस आडवी आली, तरी तिला साधे दात दाखवता आले नव्हते. तिला ते आठवले आणि तिने कड सोडली. "हिचं तोंड मोकळंच नाही," ती सगळ्यांकडे वळून म्हणाली. "तोंडात लेकरं धरलेली आई चावेल कशी?"

आणि हे म्हणताक्षणी तिने कुंडीकडे पाहिले. ही नाही, तर मग कोण? पिल्ले तर सकाळपासून कुंडीत एकटीच होती.

ती धावत सुटली. तिने काथ्याचा ओलसर थर उचकटला, तर खाली बोटभर लांबीची गोम वेटोळे करून बसलेली, आणि धाकट्याच्या शेपटीला नवी सूज. सगळे डोळे वटारून भिंत राखत बसले होते, तेव्हाच गोम त्याला चावली होती. उंदरिणीने चारही पिल्ले एकेक करून बाहेर काढली. दोन्ही आजारी पिल्ले जगली, पण थोरला पुढे जन्मभर लंगडत चालला.

संध्याकाळी उंदरीण पुन्हा पोत्यावर चढली. तिने मुंग्यांची रांग शेपटीने झाडून टाकली आणि कोळिणीला म्हणाली, "ठेव खाली क्षणभर. मी आहे इथे."

कोळिणीने पिशवी खाली ठेवली. कितीतरी दिवसांनी तिचे तोंड मोकळे झाले होते. "माझं विष झुरळापुरतं आहे," ती म्हणाली. "मी कोणाला चावलेच, तर मधमाशी डसल्यासारखं दुखेल, सुजेल आणि बरं होईल. हे मी बेडकाला तेव्हाच सांगायला हवं होतं."

उंदरिणीने वर पाहिले. "हळू बोल. पाल ऐकते आहे."

"ऐकू दे. मी गप्प राहिले, म्हणून आज सगळे मला राखत बसले आणि गोम तुझ्या घरात राहिली."

तिने पिशवी पुन्हा उचलली. उंदरिणीने आपली पिल्ले त्याच भिंतीखाली आणून ठेवली, आणि कोळिणीची पिल्ले बाहेर पडेपर्यंत ती तिथून हलली नाही.

तात्पर्य : ज्याला जवळून पाहिलेच नाही त्याच्या भीतीने पहारा देत बसलो, की खरा धोका आपल्याच घरात निर्धास्त राहतो.